शुद्धीत नसल्याची सबब

मनुष्यास एखादी गोष्ट करावयाची असते, परंतु ती आपण केली असे म्हणवून घ्यावयाचे नसते, तेव्हा तो कोणती तरी सबब शोधतो. लहान मूल 'चुकून हात लागला' म्हणते, कारकून 'साहेबांचा हुकूम होता' म्हणतो आणि प्रौढ पुरुष 'काल जरा जास्त झाली' असे म्हणतो. या तिसऱ्या सबबीस आपल्या समाजात जेवढा मान आहे, तेवढा पहिल्या दोहोंस नाही. वरातीत ज्याने व्याह्यास शिवी दिली, त्याची दुसऱ्या दिवशी 'तो शुद्धीत नव्हता' एवढ्यावर सुटका होते. ही सबब किती महाग पडू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकविले. त्याची हकीकत मी त्याच्या परवानगीने आणि ओळख पटण्याजोगे सर्व तपशील बदलून सांगत आहे. असला विषय सभ्य मासिकात येऊ नये, असे काही वाचकांस वाटेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत होते. आणि या हकीकतीस आरंभ तेथूनच होतो.

सन २००९ चा जुलै महिना होता. पावसाने ओढ दिली होती. आज ज्यास धाराशिव म्हणतात, त्या त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवीत होतो व आजही शिकवितो. त्या वर्षी ऑस्कर वाइल्डचे एक नाटक वर्गात चालू होते. त्यातील एक गृहस्थ शहरात मौज करावयास जाता यावे म्हणून एक उनाड भाऊ कल्पून ठेवतो. दुसरा खेड्यात पळता यावे म्हणून एक सदा आजारी मित्र कल्पून ठेवतो. हे नाटक १८९५ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाटककार दोन वर्षांची सक्तमजुरी भोगण्यास तुरुंगात गेला, एवढे मी सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला व त्याने विचारले, "सर, कशाबद्दल?"

प्रश्न सरळ होता व उत्तर मला ठाऊक होते. नुकताच, त्याच महिन्याच्या २ तारखेस, दिल्ली उच्च न्यायालयाने दंडविधानाच्या ३७७ व्या कलमावर निकाल देऊन प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांस गुन्ह्यातून वगळले होते व वर्तमानपत्रे त्याच वार्तेने भरलेली होती. असे असता मी म्हणालो, "ते परीक्षेस विचारीत नाहीत." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्याचा चेहरा मला आज आठवतो असे म्हणेन तर ते खोटे होईल. मला आठवते ते माझे समाधान. एक अवघड जागा आपण चातुर्याने ओलांडली, असे मला त्या वेळी वाटले होते.

तोच मुलगा २०२५ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी माझ्या दारी आला. आता तो पस्तिशीचा गृहस्थ झाला होता. पुण्यास नोकरी, पत्नी, एक लहान मुलगी असा त्याचा संसार. गावी तो आईस भेटावयास आला होता. उंबऱ्यातच मला दारूचा वास आला. तो बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात एकच बोलणे होते. फेब्रुवारीत तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर तामलवाडीच्या हद्दीत पोलिसांनी एक मोटार अडवून 'एमडी'च्या पुड्या पकडल्या होत्या. त्या एका मोटारीपासून निघालेला तपास वाढत जाऊन पुढे आरोपींची संख्या तिसाच्या वर गेली. आईच्या तुळजापुरास हे विष आले, म्हणून जो तो हळहळत होता. मीही तसेच काहीसे म्हणालो. तेव्हा तो एकाएकी म्हणाला, "सर, ती पुडी मी घेतलेली आहे. इथली नव्हे, पुण्यातली. पण नुसती पुडीच नव्हे." आणि मग त्याने सर्व सांगितले.

मी ते ऐकून घेतले आणि शेवटी एकच शहाणपणाची गोष्ट केली. मी म्हणालो, "आता घरी जा. उद्या सकाळी ये, आणि जे आता सांगितलेस तेच न पिता सांग." तो येईल असे मला वाटले नव्हते. सकाळी आठ वाजता तो आला. स्नान करून आला होता, हात मात्र थरथरत होते.

त्याने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. त्यास पुरुषांविषयी ओढ होती, हे त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षापासून ठाऊक होते. पत्नीविषयीही त्याला प्रेम होते व आहे. ते त्याने सोंग म्हणून केलेले नव्हते. परंतु ती पहिली ओढ गेली नाही. महामार्गावरच्या ढाब्यावर मित्रांची बैठक जमे, पिणे होई, रात्री कोणाच्या तरी खोलीवर मुक्काम पडे आणि जे व्हावयाचे ते होई. दुसऱ्या दिवशी दोघेही म्हणत, "काल फार झाली रे." तेवढ्यावर त्या विषयाची बोळवण होई. पुढे पुण्यास मोबाइलवरून अनोळखी पुरुषांशी गाठी पडू लागल्या. तेथे कोणी तरी पांढरी पूड पुढे केली. ती घेतली म्हणजे झोप, भूक, लाज ही तिन्ही नाहीशी होत. शुक्रवारची रात्र रविवारच्या सकाळपर्यंत लांबे आणि मध्यंतरी काय झाले, किती जणांशी झाले, याचा हिशेब उरत नसे. अशाच एका रात्रीस आता तीन आठवडे होऊन गेले होते, आणि त्यास भीतीने घेरले होते.

मी शिक्षक पडलो. शिक्षकाच्या तोंडून जो प्रश्न यावयाचा तोच आला. मी विचारले, "अरे, तू शिकलेला माणूस. निरोध जवळ का ठेवला नाहीस?"

त्याने दिलेले उत्तर मी येथे जसेच्या तसे देतो, कारण या लेखात सांगण्याजोगे जे काही आहे ते त्या उत्तरातच आहे. तो म्हणाला, "सर, खिशात ठेवला असता तर मी ठरवून गेलो असा त्याचा अर्थ झाला असता. मी कधीच ठरवून गेलो नाही. दरवेळी ते आपोआप झालं."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मद्य किंवा अमली पदार्थ मनुष्याची बुद्धी मंद करतात, म्हणून तो सावधगिरी विसरतो, असे आपण समजतो. ते खरे आहे, परंतु ते अर्धेच खरे आहे. या मनुष्याची सावधगिरी नशेने घालविली नव्हती. नशा आणि बेसावधपणा ही दोन्ही एकाच गरजेची लेकरे होती. त्यास जे हवे होते ते त्यास हवेसे वाटता कामा नये, असे त्याला लहानपणापासून शिकविलेले होते. तेव्हा त्याने ते असे साधले, की ते घडावे पण आपण केलेले नसावे. दारू त्यास सबब पुरवीत होती आणि निरोध ती सबब खोटी पाडीत होता. ज्यास आपला हेतूच स्वतःपाशी कबूल करता येत नाही, तो त्या हेतूची तयारी कशी करील? पावसात जाणारच नाही असे जो म्हणतो, तो छत्री बरोबर घेत नाही; आणि मग भिजून येतो.

ही काही एकट्या आमच्या जिल्ह्याची गोष्ट नव्हे. लंडनसारख्या शहरांत काही समलिंगी पुरुष मेफेड्रोन, मेथ, जीएचबी अशी द्रव्ये घेऊन संभोग करतात. त्या प्रकारास 'केमसेक्स' असे नावच पडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्याकडे ज्यास 'एमडी' म्हणतात ते हेच मेफेड्रोन होय. भारतात २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले. तथापि २०२३ च्या ऑक्टोबरात सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कारखानेच उघडकीस आले. म्हणजे जे द्रव्य लंडनच्या बंद खोल्यांतले म्हणून आपण वाचीत होतो, ते आमच्या एस.टी.च्या टप्प्यावर तयार होत होते. मी येथे स्पष्ट सांगतो, की तुळजापूर किंवा सोलापूर येथील प्रकरणांचा समलिंगी पुरुषांशी काही संबंध असल्याचे मला म्हणावयाचे नाही. पुडी सर्वांकरिता येते. परंतु ज्याच्यापाशी लपविण्याजोगे अधिक आहे, त्यास ती अधिक उपयोगी पडते, एवढेच माझे म्हणणे आहे. सर्वच समलिंगी पुरुष नशा करतात असाही याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्याकडे स्त्रीसुखास चटावलेले मद्यपी काही थोडे नाहीत.

धोका मात्र खरा आहे. सरकारच्या २०१७ च्या पाहणीत देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ०.२२ असल्याचे अनुमान होते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या पाहणीत ते शेकडा २.६९ आढळले, म्हणजे सुमारे बारापट. आपल्या आजोबांच्या पिढीस गरमी व परमा म्हणून जे रोग ठाऊक होते तेही याच वाटेने जातात. कावीळ करणाऱ्या 'ब' जातीच्या विषाणूचीही हीच वाट. त्यावर लस आहे. नशा सुईने घेतली जाऊन सुई दोघांत फिरली, तर 'क' जातीची कावीळही पाठीस लागते. निसर्गास नीतीशी काही देणेघेणे नाही. उघड्या दारातून तो आत येतो, आणि दार उघडे कोणी व का ठेवले हे विचारीत नाही.

येथे कोणी म्हणेल, "अशा गोष्टी उघड बोलल्याने त्या वाढतील." हा आक्षेप नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले व १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांस ते त्यात उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचा पक्ष मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वादग्रस्त प्रश्नांत समसंभोगाचाही प्रश्न होता. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला व कर्व्यांस दंड झाला. त्यानंतर नव्वद वर्षे गेली. बोलण्याने जर हे वाढत असते, तर या नव्वद वर्षांच्या मौनाने ते नाहीसे व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. मौनाने फक्त एवढे केले, की प्रश्न विचारणारा मुलगा खाली बसला.

आपला समाज अगदीच शिकत नाही असेही नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी माणूस हा घराण्यास काळिमा नसून आजारी मनुष्य आहे, हे तेव्हापासून मराठी मध्यमवर्गास पटू लागले. आज अशा मुलास उपचारास नेणारा बाप मान खाली घालीत नाही. त्याच १९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी भारतातील पहिल्या एचआयव्ही-बाधितांचा शोध लावला. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातील. म्हणजे या दोन्ही कामी मराठी माणसे आघाडीवर होती. परंतु व्यसन आणि रोग या दोहोंच्या मधली जी गोष्ट, तिच्याशी येऊन आपण थबकलो. माझ्या विद्यार्थ्याने एकदा व्यसनमुक्तीचा उपचार घेऊन पाहिला होता. तेथे सर्वांनी आपण का पितो ते सांगावयाचे होते. त्याने 'नोकरीचा ताण' असे सांगितले. रोगाचे मूळच जेथे खोटे सांगितले, तेथे उपचार कसा लागू पडावा? दोन महिन्यांत तो पुन्हा पिऊ लागला.

त्याची रक्ततपासणी करावी असे ठरले. "इथे नको, सर, कोणी तरी ओळखील," असे तो म्हणाला. म्हणून आम्ही एस.टी.ने तुळजापूरचा घाट उतरून सोलापुरास गेलो. सरकारी रुग्णालयांत या तपासणीची केंद्रे आहेत व ती तेथे विनामूल्य होते. समुपदेशन करणाऱ्या बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या. मी बाहेर थांबतो म्हणालो, पण त्याने माझा हात सोडला नाही. बाईंनी प्रथम त्याची संमती घेतली. मग, औषधाच्या दुकानात यादी वाचावी इतक्या साध्या स्वरात त्यांनी विचारले, "संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशीही?" त्याने उत्तर दिले. "नशा करता का? कोणती? सुईने?" त्यानेही उत्तर दिले. बाईंच्या कपाळावर एक आठी उमटली नाही. चाळीस वर्षांच्या वाचनाने मला जे साधले नव्हते, ते त्या मुलीस सहज साधले होते.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत जो येतो त्यास २८ दिवसांचे औषध देऊन लागण बहुधा टाळता येते. माझा विद्यार्थी तीन आठवड्यांनी आला होता. ते तीन दिवस त्याने काय केले, असे मी परत येताना विचारले. तो म्हणाला, "कोणाला फोन करावा ते कळेना." १०९७ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, हे त्यास ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. परंतु त्या उत्तराने मला जे बोचले ते क्रमांकाबद्दल नव्हते. त्या तीन दिवसांत ज्यास फोन करता येईल असा मनुष्य होण्याची संधी मला २००९ साली मिळाली होती आणि ती मी एका विनोदावर घालविली होती.

दुसरी गोष्ट त्याच्या पत्नीविषयी होती. बाईंनी सांगितले, की निकाल काहीही येवो, तिचीही तपासणी झाली पाहिजे व तिला ते सांगितले पाहिजे. येथे तो प्रथमच रडला. त्याचे दुःख मोठे होते, हे मी नाकारीत नाही; परंतु या हकीकतीत जिने कोणतीही सबब सांगितली नाही, कोणताही धोका आपण होऊन पत्करला नाही, तरी जिच्या वाट्यास तो आला, ती एकटी तीच होती. लपवून ठेवलेल्या मनुष्याविषयी करुणा बाळगताना, ज्यांच्यापासून तो लपला त्यांचा विसर पडू देणे हा दुसरा अन्याय होय. मुलास 'लग्न केले म्हणजे सुधारेल' असे म्हणणारे आईबाप दोन आयुष्ये डावावर लावीत असतात व त्यांतील एक दुसऱ्याच्या घरचे असते. त्याने तिला पुढे सर्व सांगितले, न पिता सांगितले. त्या घरात मग काय झाले, हे सांगणे माझे काम नव्हे.

निकाल काय आला, असे वाचकांनी विचारणे स्वाभाविक आहे. तोही मी सांगणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का कायमचा पुसला, हे पुष्कळांस माहीत आहे. परंतु त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरास, एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा अमलात आला हे थोड्यांस माहीत असते. कोणाच्या रक्ताचा निकाल त्याच्या संमतीवाचून इतरांस कळवू नये, असे तो कायदा सांगतो. निकाल काहीही असो, पुढची वाट दोन्हीकडे मोकळी आहे. बाधा नसेल, तर पहिल्या निकालावर न विसंबता तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावयाची, निरोध जवळ बाळगावयाचा, आणि आगाऊ घेण्याचे प्रतिबंधक औषधही वैद्यांच्या सल्ल्याने मिळते. बाधा असेल, तर १ एप्रिल २००४ पासून सरकार मोफत औषध देत आहे. ते नेमाने घेतल्याने रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, म्हणजे त्या मनुष्याकडून जोडीदारास लागण होत नाही. युरोपात ७८२ समलिंगी जोडप्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी एकही लागण आढळली नाही. मृत्यूची म्हणून जी भीती आपण उराशी धरली आहे, ती औषधाने केव्हाच मागे टाकली आहे; लाजेवरचे औषध मात्र कोणत्याही सरकारी केंद्रात मिळत नाही, ते घरोघरी तयार करावे लागते.

मौन दोन प्रकारचे असते, हे मला या प्रकरणाने उमगले. एक मौन दुसऱ्याचे बोलणे बंद पाडते. ते मी २००९ साली पाळले. दुसरे मौन दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले सांभाळते. ते मी आता पाळीत आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि म्हणूनच आपण सभ्य माणसे पहिल्यास दुसऱ्याचे नाव देऊन निर्धास्त राहतो.

त्या दिवशी सोलापूरहून परत येण्यास रात्र झाली. आमच्या घरातून काही विचारणे झाले नाही. पिठले-भाकरी वाढली गेली आणि "पोटभर जेव रे, बाळा," एवढेच शब्द आले. तो पोटभर जेवला. पिल्यावाचून आपल्याला भूक लागते, हे आपण विसरलो होतो, असे तो म्हणाला.

यंदाच्या जुलैत तेच नाटक पुन्हा वर्गात आले. १८९५ च्या मे महिन्यापाशी मी पोहोचलो, तेव्हा कोणी काही विचारले नाही. मग मीच सांगितले, की या लेखकाचे पुरुषांवर प्रेम होते, त्या काळी त्याच्या देशात तो गुन्हा होता व आपल्या देशात तो २०१८ पर्यंत गुन्हा मानला जात होता. दोन वाक्ये झाली. कोणी हसले नाही. पुढच्या बाकावरील एका मुलीने वहीत काही तरी टिपून घेतले व विचारले, "सर, हे परीक्षेला येईल का?" मी म्हणालो, "परीक्षेस नाही येणार. पण लिहून ठेव."